पन्नासावी ओळ

परदेशात आता नर्सही डॉक्टरेट करतात, हे मी एकोणचाळीस साली अमरावतीच्या इस्पितळात सांगितलं, तर कंपाउंडर सूर्यभान म्हणाला, "जयवंताबाई, पट्ट्या बांधायलेही डॉक्टरेट लागते काय?" मोठा शहाणा! वलगावकडच्या खेड्यांत बाळं आठव्या दिवशी ताठ होऊन का दगावतात, यावर मला प्रबंध लिहायचा होता. मेट्रनबाईंची अट होती, पन्नास मृत्यूंची नोंद हवी. दोन वर्षं दारोदार फिरले. वहीत एकोणपन्नास ओळी झाल्या.

कौशल्याच्या बाळाच्या पाचवीला मी वलगावात होते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. कौशल्याची सासू गोदाबाई म्हणाली, "तुयी वहीच ठेव. तू तं तिचीच बहीण हायेस, मेलेली लेकरं लिवत फिरतेस." झोंबलं मला. तरी वही ठेवली आणि पाटलांकडे झोपायला गेले.

सकाळी पाहते तर पन्नासावी ओळ भरलेली. कौशल्याचा मुलगा. नाळ विळ्याने कापली, वर राख लावली. मृत्यू, दिवस आठवा. बाळ तर समोर दूध पीत होतं. आणि अक्षर माझं होतं.

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. पन्नास झाले! मग माझीच मला किळस आली. मी बाळ उचललं.

गोदाबाई आडवी आली. "सटवाईनं लिवलेलं टळते काय?"

"अक्षर माझं आहे. खोडीनही मीच!"

कौशल्याच्या नवऱ्याने, पुंजारामने, गाडी जुंपली. अमरावतीला पोचताच बाळाला धनुर्वाताचं सीरम टोचलं. आठवा दिवस मी त्याच्या उशाशी काढला. नववा उजाडला आणि पोरगं भुकेनं किंचाळलं. मी ढसाढसा रडले.

वहीत 'मृत्यू' खोडून 'जगला' लिहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मेलेल्यांच्या यादीत जिवंत कशाला?"

"तोच विळा, तीच राख, बाई. फक्त सीरम दिलं. हा जगला म्हणून तर बाकीचे का गेले ते कळतं."

त्याच कामावर मला परदेशात शिकायला बोलावणं आलं, पुढे डॉक्टरेट मिळाली. सूर्यभान आता मला पाहून उठून उभा राहतो.

पण कुणाकडे पाचवी आहे असं कळलं, की त्या दिवशी मी लेखणीला हात लावत नाही. आधीच्या एकोणपन्नास ओळी बाळं गेल्यावरच लिहिल्या होत्या, असं मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही.