पुढच्या वर्षीचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. रंग फिकट हिरवा, वायरीला पीळ पडलेला, आणि एक बटण कायमचे आत रुतलेले. माझा मुक्काम सध्या अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठावरच्या पोर्ट हॅलम गावी, फुटबॉलच्या मैदानाखालच्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी फुटक्या हेल्मेटांची रास आहे. त्यांचे आणि माझे फारसे पटत नाही. त्यांना वाटते की सामने त्यांनी जिंकले. मी मात्र ठामपणे सांगतो की सामने एप्रिल महिन्यात जिंकले किंवा हरले जात, आणि एप्रिलमध्ये सगळे माझ्याशीच बोलत असत.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या तारा जोडणाऱ्या बाईने मला कानाला लावून पाहिले आणि म्हणाली, "हा छान स्पष्ट बोलतो." ती माझी पहिली शाबासकी. मग मला खोक्यात घालून इथे आणले आणि डॉकर्स संघाच्या निवडीच्या खोलीत लांबलचक टेबलावर बसवले. डॉकर्स म्हणजे गोदीतले हमाल. आमच्या गावाला दुसरे कुठले नाव शोभलेही नसते.

इथला फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्हाला एवढेच कळले तरी पुरे, की दर एप्रिलमध्ये कॉलेजातून निघालेले खेळाडू सगळे संघ आळीपाळीने निवडून घेतात. मागच्या हंगामात जो संघ सगळ्यांत शेवटी, त्याचा नंबर पहिला. अशा अनेक फेऱ्या होतात. आणि गंमत म्हणजे हा नंबर दुसऱ्या संघाला देता येतो, त्याच्या बदल्यात काहीही मागता येते. पुढच्या वर्षीचा नंबरसुद्धा आजच देऊन टाकता येतो. हे सारे सौदे माझ्या तारेतून होत.

आमच्या संघाचा मुख्य व्यवस्थापक एमिल कोवालिक. खेळाडू कोण घ्यायचा आणि कोण सोडायचा, हे तोच ठरवी. त्याचा आवाज इतका मोठा होता की कधी कधी वाटे, याला माझी गरजच काय? सौदे तो अंदाजपंचे करी. दक्षिणेतल्या एका संघाचा व्यवस्थापक डिलार्ड पोप हा त्याचा जुना दोस्त आणि जुना शत्रू. त्या दोघांची घासाघीस ऐकताना माझी तार गुदगुल्या केल्यासारखी थरथरे.

"तुझा चौथ्या फेरीतला नंबर दे डिलार्ड, मी तुला माझा तो जाड्या देतो."

"तो जाड्या? अरे, त्याच्यासाठी मला मैदान रुंद करावं लागेल! पाचव्या फेरीतला घे आणि गप्प बस."

"बरं, पाचव्यातला. पण वर तुमच्याकडच्या पीच फळांची एक पेटी."

"चोर आहेस लेका."

जूनमध्ये पीच खरेच आले. आमच्या कार्यालयाचा कारभार पाहणाऱ्या व्हर्नाबाईंनी सारणात ते घालून 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजला आणि चिकट हातांनी मला उचलले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला ओल्या फडक्याने पुसले. ते दिवस फार चांगले होते.

मग तो तक्ता आला. कुठल्याशा संघाने तयार केला आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात जात सगळीकडे पोचला. त्यात प्रत्येक नंबराची किंमत गुणांत लिहिलेली होती. पहिल्या नंबराला तीन हजार गुण, पुढे उतरत उतरत शेवटी चिल्लर. तू इतक्या गुणांचे दे, मी तितक्या गुणांचे देतो, झाला सौदा. एमिलच्या हाताखालच्या मार्कस टिल्मनने तो तक्ता माझ्या डोक्यावरच भिंतीला चिकटवला. मी त्या तक्त्याला पाण्यात पाहत असे. पीचची पेटी त्यात कुठल्याच ओळीत नव्हती. पण खरे सांगायचे तर त्याच्यामुळे कुणी कुणाला सहज गंडवू शकेनासे झाले, हेही मी पाहिले.

एमिल तक्ता वापरी, पण त्याच्यावर विसंबत नसे. मार्कसला म्हणे, "पहिल्या नंबराला एवढे गुण कशाला रे? पहिला नंबर म्हणजे काय, तर सगळ्यांच्या आधी चूक करायचा मान!"

मार्कस हसे. माणूस हुशार होता, आणि मोठ्यांचे ऐकून घेणारा होता.

तक्त्याबरोबर एक रीतही रुजली. पुढच्या वर्षीचा नंबर आज द्यायचा असेल तर त्याची किंमत एक फेरी खाली धरायची. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबर म्हणजे या वर्षीचा दुसऱ्या फेरीतला. का, तर एक वर्ष वाट पाहावी लागते म्हणून.

या धंद्यात राहून मला एक गोष्ट कळली होती. ज्या वर्षी मी जास्त वाजे, त्या वर्षी आमच्याच खोलीतली खुर्ची डळमळीत असे. ज्या व्यवस्थापकाची नोकरी जाणार अशी कुजबुज असते, त्याला सगळे आधी फोन करतात. त्याला यंदाच जिंकायचे असते, म्हणून पुढचे वर्ष तो स्वस्तात फुंकून टाकतो.

त्या एप्रिलमध्ये मी सकाळपासून वाजत होतो.

लागोपाठ तीन हंगाम आमचा संघ हरला होता. मालक रॉयस हॅडली त्या दिवशी स्वतः येऊन मागच्या सोफ्यावर बसले होते. त्यांना एक क्वार्टरबॅक हवा होता, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा म्होरक्या. तो पोरगा चौथ्या नंबरावर मिळणार होता. आमचा नंबर होता अकरावा. चौथा होता डिलार्डकडे.

"एमिल, तो मुलगा या गावात आला पाहिजे," हॅडली म्हणाले. "नाही आला, तर हंगामानंतर आपल्याला बोलावं लागेल."

त्या बोलण्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. मलाही कळला. एमिलने हा संघ अगदी सुरुवातीपासून उभा केला होता आणि अजून एकदाही चषक पाहिला नव्हता. त्याला जायचे नव्हते. मला हातात धरताना त्याचा तळवा ओला होता, म्हणून मला ते ठाऊक आहे.

दर नंबराला खेळाडूचे नाव सांगायला ठरावीक मिनिटेच मिळतात. चौथ्या नंबराचे घड्याळ सुरू झाले आणि मी वाजलो.

"काय रे एमिल, आहेस का अजून?" डिलार्ड म्हणाला. "पेपरवाल्यांनी तर तुला पुरून वर फुलंसुद्धा ठेवली."

"फुलं कसली होती? बोल, काय पाहिजे?"

"तुझा अकरावा दे. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला दे, आणि पुढच्याच वर्षीचा तिसऱ्या फेरीतला. चौथा तुझा. पोरगा तुझा, नोकरी तुझी."

एमिलने माझे तोंड हाताने झाकले. मार्कसने तक्त्यावर बोट फिरवले. "हिशेब बसतो, एमिल. उलट थोडं आपल्याच बाजूने आहे."

"बसतो कसा?"

"पुढच्या वर्षीचे एक फेरी खाली धरून."

"वाट बघायची म्हणून एक फेरी खाली, असंच ना? पण वाट बघायची कुणी? मी. पुढच्या एप्रिलला या खुर्चीत जो बसेल, त्याला कसली वाट बघायचीय? त्याच्यासाठी तो पहिल्या फेरीचा पुरा नंबर आहे. मी त्याच्या ताटातलं उचलतोय आणि वर किंमतही मीच ठरवतोय."

व्हर्नाबाईंनी डोनटची बशी उगाच इकडची तिकडे केली. घड्याळात थोडाच वेळ उरला होता. एमिलने हात काढला.

"नाही जमायचं, डिलार्ड."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? काढून टाकतील तुला!"

"माहितीये."

"मग राखतोस कुणासाठी?"

"जो येईल त्याच्यासाठी."

"तो तुला ओळखणारही नाही."

"न ओळखू दे. नंबर तर ओळखेल."

मित्रांनो, डिलार्ड एरवी टोमणा मारल्याशिवाय फोन ठेवत नसे. तेव्हा मात्र तो हळूच म्हणाला, "जपून राहा रे." आणि त्याने फोन ठेवला.

"मी सगळं ऐकलं, एमिल," मागून हॅडली म्हणाले.

"तुम्ही ऐकावं म्हणूनच मोठ्याने बोललो, साहेब."

तो क्वार्टरबॅक दुसऱ्या संघात गेला. आमचा हंगाम इतका वाईट गेला की शेवटून दुसरे आलो. अखेरच्या सामन्यानंतरच्या सोमवारी एमिल पुठ्ठ्याचे खोके घेऊन खोलीत आला. त्याने आपला कॉफीचा मग घेतला, कोट घेतला आणि जाता जाता माझी पिळलेली वायर सरळ केली. ती लगेच पुन्हा पिळली. मला फार वाईट वाटले.

त्याच्या जागी मार्कस आला.

पुढचे आधीच सांगून टाकतो. राखलेल्या त्या नंबरावर लोमॅक्स नावाचा धिप्पाड पोरगा आला. पुढे जो क्वार्टरबॅक मिळाला त्याला वाचवायला तो वर्षानुवर्षे भिंतीसारखा उभा राहिला, आणि एका जानेवारीत पोर्ट हॅलमला चषक आला. गावाने मिरवणूक काढली, भाषणे झाली. एमिलचे नाव कुणी घेतले नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात आपापले फोन आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. त्याचे मला दुःख आहे, पण थोडेच.

मला सांगायचे आहे ते एमिल गेल्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलचे. आमचा नंबर दुसरा होता. घड्याळ सुरू झाले तसे मार्कसने मला उचलले. वाटले, सौदा करणार. पण त्याने एमिलच्या घरी फोन लावला. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो हीच निवड पाहत होता.

"एमिल, दुसरा नंबर आहे आपल्याकडे."

"तुमच्याकडे," एमिल म्हणाला.

"तू तो विकला असतास तर आज आम्ही सगळे इथे हात चोळत बसलो असतो. म्हणून म्हटलं, नाव तू सांग. कुणाला घेऊ?"

एमिलने टीव्ही बंद केला.

"ते तुझं काम आहे, पोरा," तो म्हणाला. "माझं गेल्या वर्षीच झालं."

मार्कसने मला जागेवर ठेवले, पण हात बराच वेळ माझ्यावरून काढला नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझे बोलून झाले आहे. पण वर्गात तुम्ही ज्या बाकावर बसता, त्यावर पुढच्या वर्षी दुसरे कुणीतरी बसणार आहे. ते मूल तुम्हाला ओळखणार नाही आणि तुमचे आभारही मानणार नाही. त्याच्यासाठी तो बाक नीट ठेवा.