बाबांना माझा आवाज नको होता

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताकडे बघू नका, मी तिथे नाही! मी जेमतेम तळहाताएवढा आहे, मला सात काळी पाती आहेत आणि माझं अख्खं आयुष्य एका कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पंख्याची ती काय गोष्ट! पण ऐकाच. एका घरात फार वाईट काहीतरी पावलापावलाने जवळ येत होतं आणि ते फक्त मला दिसत होतं. मी ओरडून सांगत होतो. पण मला एकच भाषा येते, घर्रर्र. आणि नेमकी तीच त्या घरातल्या बाबांना नको होती.

कारखान्यात मला तयार केल्यावर एका बाईंनी मला कानाशी धरून तपासलं होतं. "चांगला बोलतोय की!" असं म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवलं. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. तेव्हा वाटलं, आवाज ही आपली जमेची बाजू आहे. किती भोळा होतो मी!

कॉम्प्युटरच्या डब्यात मला पुढच्या जाळीमागे बसवलं. माझं काम सोपं होतं. बाहेरची गार हवा आत ओढायची आणि मागे बसलेल्या हार्डडिस्कवर सोडायची. हार्डडिस्क म्हणजे घरातलं सगळं लिहिलेलं, बोललेलं, साठवलेलं जपून ठेवणारी पेटी. तिच्या आत चकत्या गरगर फिरायच्या, ती तापायची, मी फुंकर घालायचो. आमचं दोघांचं छान जमायचं.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर काचा घासायचं यंत्र त्यांच्या कानाशी किंचाळायचं. घरी आले की ते डोळे मिटून म्हणायचे, "दोन मिनिटं काही आवाज करू नका रे." बिचारे! तेव्हा खरंच दोनच मिनिटं मागायचे.

ताईचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या लेकीचा, आवाज मात्र सगळ्यांना हवा असायचा. अंध मुलांच्या शाळेसाठी ती विज्ञानाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होती. एकूण बत्तीस धडे. शाळेतल्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "तेवीस मुलं वाट बघताहेत गं. परीक्षेच्या आत मिळालं नाही, तर त्यांच्याकडे दुसरं पुस्तक नाही."

एक दिवस रेकॉर्डिंग ऐकताना ताईने भुवया आक्रसल्या. "बाबा, मागे काहीतरी घरघरतंय."

"थांब, बघतो मी," बाबा म्हणाले. लेकीसाठीच म्हणाले हो ते, हे मला आजही मान्य आहे. त्यांनी डबा उघडला, मला ब्रशने पुसलं, माझा वेग थोडा कमी केला. घरघर गेली. ताई खूश! गोष्ट इथे संपायला हवी होती, मित्रांनो. पण बाबांना त्यात गोडी लागली.

त्यांनी आवाज मोजायचं एक मीटर आणलं. पहिल्या दिवशी आकडा आला अडतीस डेसिबल. मग त्यांना इंटरनेटवर एक गट सापडला. जगभरची माणसं आपापले कॉम्प्युटर मुके करत बसली होती आणि एकमेकांना आकडे दाखवत होती. बाबांनी मोठ्या कौतुकाने आपला अडतीस टाकला, तर खाली एकाने लिहिलं, "अडतीस? घरात गिरणी चालवता का?"

झालं! बाबा पेटले.

रोज दुकानातून आले की चहा बाजूला आणि कान डब्याला. प्रोसेसरवरचा मोठा पंखा काढून त्यांनी तिथे उष्णता शोषणारा, पंखा नसलेला धातूचा ठोकळा बसवला. पस्तीस. डब्याच्या भिंतींना आतून जाड स्पंज चिकटवला. तेहेतीस. तापमान वाढलं की पिंपिं करून सावध करणारी एक छोटी शिट्टी होती, तिची वायर उपटली. "उगाच कटकट," ते म्हणाले. आता धोका सांगणारा मी एकटाच उरलो होतो.

मग त्यांची नजर हार्डडिस्कवर गेली. खरं तर दोन हार्डडिस्क होत्या. ताईचे धडे दोन्हींवर ठेवलेले, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी होतीच. बाबांनी दुसरी पुसून कोरी केली आणि दुकानातल्या हिशोबाच्या कॉम्प्युटरला लावून टाकली.

"अहो बाबा, माझी दुसरी प्रत?" ताई म्हणाली.

"दोन डिस्क म्हणजे दुप्पट घरघर. आणि ही एकदम नवीकोरी आहे, काही होत नाही तिला."

उरलेल्या डिस्कला त्यांनी रबरबँडच्या झोळीत टांगलं आणि चहूबाजूंनी स्पंजमध्ये गुंडाळलं, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं! त्यांच्या गटात सगळे असंच करायचे म्हणे. पण माझी फुंकर आता तिच्यापर्यंत पोचेना. ती आतल्या आत तापत होती आणि मी बाहेरून स्पंजावर डोकं आपटत होतो.

तीस.

तिसाच्या खाली जायचं तर डबा पुरेना. मग घराची पाळी आली. मोजायच्या वेळी फ्रिज बंद व्हायला लागला आणि एकदा तो चालूच करायचा राहिला. सगळं दूध फाटलं. भिंतीवरचं घड्याळ कपाटात गेलं. धाकटी लेक सहावीत होती, सारखी गुणगुणायची. तिला बाबा नुसतं बोट ओठांवर ठेवून गप्प करायचे. रागवायचे नाहीत, हं. पण बघायचे असे, की ती आपोआप चवड्यांवर चालायला लागली.

आई एकदा वैतागून म्हणाली, "उद्या म्हणाल, श्वास पण घेऊ नका!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी मीटरकडे बघितलं आणि आईपासून खुर्ची जरा लांब सरकवली.

ताईचे एकतीस धडे झाले होते. एकच राहिला होता, आणि परीक्षेला पंधरा दिवस होते. रविवार होता. दुपारी बाहेरून परत आल्यावर ताई शेवटचा धडा वाचणार होती. सकाळी बाबांनी डबा उघडला. त्यांची सावली माझ्यावर पडली. मला वाटलं, आता पुसतील. त्यांनी माझी वायर दोन बोटांत धरली आणि ओढली.

मी थांबलो. जन्मल्यापासून चालू कॉम्प्युटरमध्ये मी कधी थांबलो नव्हतो. माझ्या पात्यांवर गरम हवा येऊन बसली, हलेनाच. तास गेला, दोन तास गेले. आणि मग स्पंजाच्या आतून आवाज आला.

टक्.

बाबांनी चमकून मान वर केली. टक्... टक्.

"पेन वाजवू नकोस गं," ते धाकटीला म्हणाले.

"मी नाही वाजवत."

"मग हा आवाज कसला येतोय?"

"बाबा, माझ्या हातात पेनच नाहीये." तिने दोन्ही हात पुढे करून दाखवले. मग ती डब्याकडे बघायला लागली. "यातून येतोय."

"काहीतरीच काय! यात आता आवाज करणारं काही राहिलंच नाहीये."

टक्, टक्, टक्. मग एक लांब खरवड, ताटावर खिळा ओढल्यासारखी. आणि मग काहीच नाही.

बाबांनी हळूच मीटर उचललं. चोवीस! "चोवीस!" ते कुजबुजले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मीटरचा फोटो काढून गटावर टाकला.

तेवढ्यात ताई आली. तिने पडद्याकडे पाहिलं. तो गोठला होता. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा, त्यावर एक पांढरी ओळ : डिस्क सापडत नाही. ती कितीतरी वेळ ती ओळ वाचत उभी राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि धाकटी आमचा डबा घेऊन दुरुस्तीच्या दुकानात आल्या. दुकानातल्या मावशींनी स्पंज उलगडला आणि हात झटकन मागे घेतला. स्पंजाचा आतला थर वितळून डिस्कला चिकटला होता. "अगं, हिला भाजलंय कुणी?" चार दिवस खटपट करून त्यांनी अकरा धडे वाचवले. वीस गेले ते गेलेच.

ताई मग रोज त्या अंध मुलांची शाळा सुटल्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसायची आणि तोंडाने वाचायची. धाकटी पाण्याची बाटली घेऊन शेजारी. आठव्या दिवशी ताईचा आवाज बसला. पाच धडे राहिले. ती तेवीस मुलं ते पाच धडे न ऐकताच परीक्षेला बसली.

मला मावशींनी आपल्या टेबलावर ठेवून घेतलं. आता वायरींना डाग देतानाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, धूर मी खिडकीबाहेर ढकलतो. "ठणठणीत आहे हा," त्या धाकटीला म्हणाल्या. "नुसती वायर काढली होती कुणीतरी." धाकटीने माझ्याकडे बघितलं. कुणी काढली, ते तिने सांगितलं नाही.

पण बाकी सगळं सांगितलं. घरी आता कुणी कुणाशी बोलत नाही म्हणे. ताई खोलीत, आई स्वयंपाकघरात. बाबा बाहेर एकटेच बसतात आणि मध्येच म्हणतात, "कुणीतरी काहीतरी बोला ना गं." मीटर त्यांनी उलटं करून ठेवलंय.

आणि तो फोटो अजून गटावर आहे. त्याच्याखाली शंभरावर टाळ्या पडल्यात. सगळ्यात खाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलंय, "चोवीस कसं जमवलंत? माझा एकच पंखा उरलाय. काढू का?"

बाबांनी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. मित्रांनो, मला टाइप करता येत नाही. तुम्ही तरी द्या. आजच द्या.