साडेआठ मिनिटांचे मास्तर

“काका, माइकच्या जरा जवळ या. आणि हसून बोला, हसू आवाजात ऐकू येतं,” प्रसिद्धी विभागातली मॅडम म्हणाली.

मास्तर खुर्ची ओढून पुढे बसले, हसले मात्र नाहीत. एका रिकाम्या गोदामखोलीच्या भिंतींना काळा स्पंज चिकटवून कंपनीने तिथे पॉडकास्ट सुरू केलं होतं. पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला, नव्या कामगारांचा यंत्रावर हात बसवून देणारा माणूस म्हणून आज मास्तरांची पाळी होती.

“काहीही सांगा, पण मनापासून. लोकांना खरं ऐकायला आवडतं.”

या एका वाक्याला मास्तर भुलले. एरवी तोलूनमापून बोलणारा माणूस, त्या दिवशी सव्वा तास बोलला. बोलता बोलता नऊ वर्षं छातीत दाबून ठेवलेली गोष्टही बाहेर आली. मेव्हण्याला त्यांनीच शब्द टाकून कामाला लावलं होतं. काम भराभर व्हावं म्हणून साहेबांनी प्रेसची, हात आत जाऊ न देणारी जाळी काढायला लावली आणि आठव्या दिवशी मेव्हण्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. साहेबांची गाडी गेटवर उभी होती, पण रक्ताने सीट खराब होईल म्हणून मिळाली नाही. मास्तरांनी त्याला मालाच्या टेम्पोतून नेलं. दवाखान्याचा खर्च कंपनीने केला आणि जखम भरताच त्याला घरी बसवलं.

“आम्ही कंपनी म्हणजे घर समजतो,” मास्तर शेवटी म्हणाले, “तीच आमची चूक.”

मॅडमने डोळे टिपले. “फार छान बोललात, काका.” मग एक कागद पुढे केला. मास्तरांनी न वाचता सही केली.

पंधरा दिवसांनी बायकोने भाजी चिरता चिरता मोबाइलवर तो भाग लावला. साडेआठ मिनिटांचा. मागे गोड संगीत, आणि त्यावर मास्तरांचा आवाज. मेव्हण्याला प्रेसवर अपघात झाला. साहेबांची गाडी गेटवर उभी होती. दवाखान्याचा खर्च कंपनीने केला. आम्ही कंपनी म्हणजे घर समजतो. मग मॅडमचा आवाज: जिवाला जीव देणारी माणसं, हीच आमची ताकद.

बायकोची सुरी थांबली होती. “अहो, माझ्या भावाची बोटं विकून आलात?”

“मी असं बोललो नाही गं.”

“आवाज तर तुमचाच आहे.”

शब्द न् शब्द त्यांचाच होता. मास्तरांनी मेव्हण्याला फोन लावला. तीनदा लावला. त्याने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. “पूर्ण लावा, नाहीतर काढून टाका.”

“काका, लांबलचक कोणी ऐकत नाही हो. कापावं लागतं.”

“मग गाडी राहिली आणि सीट तेवढी गेली, ती कशी? जाळी कुठे गेली?”

मॅडमने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा. अकरा हजार लोकांनी ऐकलंय. दोन मोठी गिऱ्हाइकं म्हणाली, अशा कंपनीशी व्यवहार करायला बरं वाटतं. नोकरीचे अर्ज दुप्पट झालेत, जाहिरात न देता. तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे नाही. माझ्या तोंडून.”

“तुम्ही सही केलीय, काका. रेकॉर्डिंग कंपनीचं आहे.” दारावर आलेल्या विक्रेत्याला पुढे जा म्हणावं, तसं तिने या वेळी काका म्हटलं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आरडाओरडा त्यांच्या रक्तात नव्हता. ते जिना उतरून खाली आले.

सोमवारी नवे कामगार रुजू झाले, बावीस जण. कामगार अधिकाऱ्याने त्यांना सभागृहात बसवून सगळ्यात आधी मास्तरांचा भाग ऐकवला. मागे बसलेल्या मास्तरांकडे माना वळल्या, काहींनी टाळ्या वाजवल्या. मग अधिकारी सगळ्यांना घेऊन प्रेस शॉपमध्ये आला. अपघातानंतर पुन्हा बसवलेल्या प्रेसच्या जाळीवर मास्तरांनी हात ठेवला.

“आत्ता ऐकलात तो आवाज माझा आहे. गोष्ट माझी नाही. माझी गोष्ट अशी आहे.”

आणि त्यांनी सांगितली. जाळी, टेम्पो, सीट, सगळी.

“ही जाळी काढ असं कोणी सांगितलं, तर काढायची नाही. सांगणारा कोणी का असेना. नोकरी दुसरी मिळते.”

“मास्तर, पुरे,” अधिकारी म्हणाला.

“पुरे कसं? तुम्ही साडेआठ मिनिटं घेतलीत. मला पाच तरी द्या.”

दुपारी पत्र हातात पडलं. शिकवण्याचं काम काढून त्यांची बदली भंगाराच्या शेडमध्ये झाली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मास्तरांनी पत्र या वेळी दोनदा वाचलं, मग सही केली. पुढच्या महिन्यात नवी माणसं आली, त्यांनाही तोच भाग ऐकवला गेला. जाळी दाखवायला मास्तर तिथे नव्हते.

पत्र मिळालं त्याच आठवड्यात, रविवारी ते मेव्हण्याकडे गेले होते. मेव्हण्याने दार उघडलं आणि तो दारातच उभा राहिला.

“कशाला आलात, भाऊजी?”

मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बदलीचं सांगितलं नाही.

“किती जणांना सांगितलंत?”

“बावीस.”

“आणि ते अकरा हजारांनी ऐकलं.” मेव्हण्याचा आवाज चढला नाही. “मी आता ज्याच्या दुकानावर बसतो ना, तो मालक परवा ते ऐकून मला म्हणाला, एवढी चांगली कंपनी होती, मग सोडलीस कशाला रे?”

मास्तरांनी मान खाली घातली. “काढून टाका म्हटलं होतं. ऐकत नाहीत.”

“असेल. पण आज तुम्हाला आत या म्हणवत नाही, भाऊजी. ताईला सांगा, मी येऊन जाईन तिच्याकडे. तुम्ही कामावर असाल तेव्हा.”

त्याने दार लावलं. आतून कडीचा आवाज येऊ लागला. एकदा घसरली, पुन्हा घसरली. त्या हाताला ती अजून एका दमात लागत नसे. मास्तर पायरीवर थांबले. कडी नीट लागल्याचं ऐकू आल्यावर मग ते निघाले.