मेंढीने इंजेक्शन मागितलं नव्हतं

वृषाली पशुवैद्य होती, हैदराबादबाहेरच्या एका संशोधन केंद्रात मेंढ्यांवर काम करायची. मुलगी बघायला येणाऱ्यांना तिचे वडील, नरहरराव, 'सरकारी नोकरी' एवढंच सांगत. मेंढ्या गाळत.

त्या रविवारी बरकतपुऱ्यातल्या घरी पुण्याचं स्थळ आलं. मुलगा प्रथमेश हैदराबादेतच, गच्चीबावलीत सॉफ्टवेअरमध्ये, सोबत त्याची आई वंदनाताई. चहा होताच वृषालीने आपणहून विषय काढला.

"मला पीसीओएस आहे. पाळी नियमित येत नाही. मूल व्हायला वेळ लागू शकतो. आधीच सांगितलेलं बरं."

नरहररावांनी चष्मा पुसायला घेतला.

"हल्लीच्या मुलींचं बाहेरचं खाणं, दुसरं काय," वंदनाताई म्हणाल्या.

"नुसतं खाण्याचं नसतं ते. आमच्याकडे गाभण मेंढ्यांना टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन देऊन बघितलं. त्यांच्या पोटी आलेल्या माद्या दिसायला धडधाकट. पण पुढे त्या वेळेवर माजावर येईनात, अंडाशयात बीजं अडकून राहिली, काही तर गाभणच राहिल्या नाहीत. बिघाड जन्माआधीच सुरू झालेला. माणसातही असंच होतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण शक्यता आहे."

वंदनाताई वृषालीच्या आईकडे, मालतीबाईंकडे वळल्या. "म्हणजे तुमच्याच पोटात बिघडलं म्हणायचं. तेव्हा काही औषधंबिवधं घेतली होतीत का?"

मालतीबाईंचा चेहरा पडला. वृषालीच्या ओठांवर लव दिसू लागली तेव्हापासून आत्या, काकू, शेजारणी, सगळ्या तिच्या आईलाच विचारत आल्या होत्या, गरोदरपणी काय खाल्लं होतंस? आणि आई दरवेळी खरंच आठवत बसायची. आज तर वृषालीनेच विचारणाऱ्यांच्या हातात नवी काठी दिली होती.

ती उठून उभी राहिली. "काकू, मेंढीने इंजेक्शन मागितलं नव्हतं. आम्ही टोचलं. तिच्या पिलांचं जे झालं त्याचा जाब मी मेंढीला विचारत नाही. माझ्या आईलाही कुणी विचारायचा नाही. या घरात तर नाहीच."

"वृषाली!" नरहरराव ओरडले.

"बाबा, तुम्हीसुद्धा विचारलंय तिला. आता बास."

पाहुणे उठले. प्रथमेश मोबाइलमधून मान वर न काढता आईमागे जिना उतरला. संध्याकाळी मात्र त्याचा फोन आला.

"आई जरा स्पष्ट बोलते. मनावर घेऊ नकोस. मला तू आवडलीस."

"मग तिथेच तोंड उघडायचं होतंस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी सिकंदराबादहून आत्याचा फोन आला, तो मालतीबाईंनी घेतला. वृषाली दारात थांबून ऐकत राहिली.

"हौ, मोडलं... नाही वन्सं, वावगं काही खाल्लं नव्हतं मी. आणि खाल्लं असतं तरी तुम्हाला सांगायला मी बांधलेली नाही. पुन्हा विचारू नका."

फोन ठेवून त्या मागे वळल्या.

"मला तुझ्या त्या मेंढ्या बघायच्यात गं," त्या वृषालीला म्हणाल्या. "उद्या येऊ?"

"चल की."

आतल्या खोलीतून नरहररावांनी डोकं बाहेर काढलं. "मीही येतो."

"तुम्ही नक्को," मालतीबाई म्हणाल्या. "आम्ही दोघीच जाऊन येतो."