मुका रूळ

मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाला बोटभर उंचीच्या इंजिनानं फसवावं, हे कामिलला भर बाजारात कुणी थोबाडीत द्यावी तसं लागलं होतं. उद्यमनगरात पंचवीस वर्षं दुकान. जळालेली मोटार नुसती हुंगून कुठलं कॉइल गेलंय ते सांगणारा गडी! आणि त्याची खेळण्यातली आगगाडी सगळा हॉल फिरून यायची आणि नेमकी एकाच जागी थांबायची. अम्मीच्या पलंगाजवळ.

गाडी काही आजची नव्हती. कामिलचे अब्बा गौस टर्नर होते. त्यांनी भंगारातनं चाकं कातली, पितळी पट्ट्यांचे रूळ केले, सागवानी फळकुटांचे स्लीपर ठोकले आणि टेपरेकॉर्डरची मोटार इंजिनात बसवली. विकतची गाडी लाजंल असलं काम. सगळं थोरल्या मुलासाठी, वसीमसाठी. चौदाव्या वर्षी वसीम काविळीनं गेला. त्या आठवड्यात अब्बांनी रूळ, डबे, ट्रान्सफॉर्मर, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत भरलं, कुलूप लावलं आणि मरेपर्यंत त्याला हात लावला नाही. सदतीस वर्षं ती ट्रंक माळ्यावर होती. यंदा कामिलनं जुन्या खोल्या सोडून नवा फ्लॅट घेतला तेव्हा ती खाली उतरली.

भंगारात दे म्हणणारे होतेच. खरं अम्मीनं, चाँदबीनं, कुणाचं ऐकलं नाही. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी पलंगाला बांधून ठेवलेली, पण आवाज अजून गल्लीभर जाईल असा.

"मला ती चालताना बघायचीय," ती म्हणाली. "आन् एकबी रूळ मागं उरला न्हाई पायजे. समदं लावायचं. सांगून ठेवते."

आता चूक झाली ती इथंच. कुठलाही मिस्त्री जुना माल आधी मीटर लावून तपासतो, बाद होईल तो बाजूला काढतो. कामिल गिऱ्हाइकाचा साधा टेबलफॅनसुद्धा तपासल्याशिवाय हातात घेत नाही. खरं आईनं सगळंच लाव म्हटल्यावर तपासायचं कशाला? काहीच बाद करायचं नाही तर बघायचं तरी काय? त्यानं रुळांवरचा हिरवा थर पॉलिशपेपरनं घासला, प्लायवूडवर अब्बांच्यापेक्षा वेगळा आराखडा आखला, हॉलभर वळसा आणि मधे एक पूल, आणि हाताला येईल तो तुकडा येईल तिथं ठोकला. बायको माहेरी जयसिंगपूरला गेलेली, त्यामुळं पसाऱ्यावरनं ओरडणारंही कुणी नव्हतं.

पहिल्या दुपारी गाडी निघाली, पूल ओलांडला, पलंगापाशी आली आणि थांबली.

"थांबली व्हय?" चाँदबी उशीवरनं म्हणाली. "थांबू दे. वसीमजवळ अशीच थांबायची."

कामिलच्या अंगावर काटा आला. त्यानं इंजिन उचललं. चाकं पुसली, मोटारीचे ब्रश बदलले. गाडी पुन्हा तिथंच थांबली. मग त्यानं लाज सोडून मीटर काढला. पलंगाजवळचा हातभर रूळ मुका होता, करंटच नाही. खिळे उपसून त्यानं तो तुकडा उलटा केला. एका पट्टीला दोन टोकांना करवतीच्या बारीक चिरा होत्या आणि पोटाशी एक छोटा स्क्रू होता. रिकामा. त्याला वायर नव्हती.

कामिल फरशीवर फतकल मारून बसला. तो स्क्रू त्यानं ओळखला होता.

वसीम आजारी पडला तेव्हा अब्बांनी गाडीचा वळसा त्याच्या खाटेजवळनं नेला होता. खाटेपाशी रुळाला चिरा पाडल्या, म्हणजे गाडी तिथं येऊन थांबणार. तिथनं एक वायर काढली आणि तिला दारावरच्या बेलचं बटण जोडलं. बटण वसीमच्या हातात. त्यानं दाबलं की गाडी सुटायची. दिवसातनं शंभरदा दाबायचा. दहा वर्षांच्या कामिलला मात्र गाडीला हात लावायची चोरी. घरात सगळे वसीमचे झाले होते. औषध वसीमचं, मोसंबी वसीमची, अब्बांची मांडी वसीमची. एका दुपारी कामिल रुळांच्या फळीखाली शिरला, स्क्रू ढिला केला आणि वायर काढून टाकली.

गाडी खाटेजवळ आली, थांबली. वसीमनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पिवळा पडलेला अंगठा दाबत राहिला, दाबत राहिला. आणि मग तो कुणालाही दोष न देता म्हणाला, "अम्मी, बोटात जोरच ऱ्हायला न्हाई." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला.

हे कामिलनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अब्बांना नाही, बायकोला नाही. आणि अम्मी दर ईदला, दर बरसीला, शेजारणीला, पावण्यांना तेच सांगायची, शेवटी माझ्या लेकराच्या बोटात बटण दाबायचाबी जोर न्हवता. प्रत्येक वेळी कामिल उठून बाहेर जायचा.

त्यानं चिरांवर तांब्याची तार टाकून सोल्डरचा डाग दिला. मीटर खणखणीत वाजला. रूळ पुन्हा ठोकला, गाडी सोडली. एक फेरी, दोन, चार. पाचव्या फेरीला गाडी पलंगाजवळ थांबली.

रुळात करंट होता. इंजिन उचलून पुलावर ठेवलं की पळत होतं. पलंगाजवळ मात्र ते बोटानं ढकललं तरी हलेना. आईशप्पथ सांगतो, पंचवीस वर्षांत असला फॉल्ट त्यानं बघितला नव्हता. लखलखीत दुपार, खाली भाजीवाला ओरडतोय, आणि हा बाप्या घामानं निथळतोय. तो भ्याला, चांगलाच भ्याला. कुणीतरी बटण दाबतंय आणि गाडी सुटत नाहीये, असं त्याला वाटत होतं. आता सांगितल्याशिवाय ही सुटणार नाही, आणि अम्मी काय जन्माला पुरायची नाही, हे त्याला कळून चुकलं.

चाँदबीची असरची, दुपार कलतानाची, नमाज झाली. तिनं तसबीहची माळ गुंडाळून उशाखाली ठेवली. कामिल पलंगाच्या कडेला टेकला.

"अम्मी, त्या दिवशी वसीमचं बटण चालत न्हवतं."

"कुठलं बटण?"

"गाडीचं. वायर मी काढलती. फळीखाली शिरून, मुद्दाम. मला राग आलता. त्याच्या बोटाचं त्यात काय न्हवतं, अम्मी. दाबत हुता त्यो. गाडीलाच करंट मिळत न्हवता."

चाँदबी पुढं वाकली. मग तिचा चेहरा असा उजळला की कामिलला तिच्या तरुणपणाची ओळख पटली.

"म्हंजे जोर होता?" तिनं त्याचा हात घट्ट धरला. "माझ्या वसीमच्या बोटात जोर होता?"

"होता. चांगला होता."

"या अल्ला! होता म्हण की!" ती हसली, डोळ्यांना पदर लावला. कामिललाही रडू फुटलं. एवढंच होतं तर सदतीस वर्षं आपण का गप्प बसलो, असं त्याला झालं.

मग त्याच्या हातावरची तिची पकड ढिली झाली.

"दारात टॅक्सी उभी होती," ती म्हणाली.

"कुठली टॅक्सी?"

"मिरजेला न्यायला. डॉक्टर म्हणालते, अंगात जोर असंल तर आत्ताच मिरजेच्या दवाखान्यात हलवा, वाचंल. जोर नसंल तर वाटंतच जाईल, घरीच असू द्या. तुझं अब्बा त्याला उचलायला वाकलं, तवाबी त्यो तेच म्हणाला, बोटात जोर न्हाई. अब्बा तरीबी न्हेतो म्हणत होतं. मीच आडवी झाले. म्हटलं, माझं लेकरू रस्त्यात मरायला नगं. टॅक्सी मी परत धाडली."



"तू धा वर्षांचा होतास," चाँदबी म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, खरं तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. "तुला काय कळणार होतं?"

मग तिनं त्याच्याकडं बघितलं.

"मला कशाला सांगितलंस रं?"