चार नळ आणि एक तांब्या

त्या समितीवर मला घेतलं ते माझा आवाज लहान म्हणून. दुसरं काही कारण मला तरी सापडलं नाही. सरकारला एक महिला सदस्य हवी होती, पनवेलातलीच, वयस्क, आणि दाखवतील त्याला मान हलवणारी. कुणीतरी बल्लाळेश्वराच्या देवळात माझ्याकडे बोट दाखवलं असणार. तिथे मी रोज बसते आणि गप्प बसते. गप्प बसणाऱ्या बाईला सगळं पटलेलं असतं, असं साहेबलोकांना वाटतं. वाटो बापडं.

काम असं होतं. खाडीकडच्या मिठाच्या जुन्या गोदामात सरकारने परदेशी ठरवलेली माणसं ठेवली होती. कळंबोलीच्या बांधकामांवरून, वीटभट्ट्यांवरून उचलायची, 'तुम्ही सीमेपलीकडचे' म्हणायचं, आणि गाडीत बसवून धाडेपर्यंत इथे कोंडायचं. दारावर पाटी मात्र 'निवारा केंद्र'. आत माणसांना माणसासारखं ठेवलंय की नाही, ते समितीने बघायचं. समिती म्हणजे अध्यक्ष दिनानाथ कारखानीस, मंत्रालयातून निवृत्त झालेले. तुळशीरामशेठ, जे तपासणीच्या दिवशी हमखास आजारी पडत. आणि मी, शशिकला गद्रे.

नव्याण्णव सालचा वैशाख होता. वैशाखात माझा एक नेम असतो, सासूबाईंकडून आलेला. सकाळी उठल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घालायच्या आधी कुणा तहानलेल्याला पाणी पाजायचं. आधी पाजायचं, मग प्यायचं. आणि पंक्तिप्रपंच करायचा नाही. एकाला पाजलं आणि शेजारचा कोरडा राहिला तर ते पाजणं नव्हेच.

आदल्या दिवशी केंद्राचे प्रमुख धर्मराज भोपी फोनवर म्हणाले होते, "काकू, या बिनधास्त. महिला कक्षात चार नळ बसवलेत. धो धो पाणी." म्हणून मी ठरवलं, उद्याचा नेम तिथल्या बायकांना पाणी पाजून पुरा करू. तांब्या रिकामाच घेऊन गेले. सरकारी माणसाच्या 'धो धो'वर विसंबून रिकामा तांब्या घेऊन निघणारी बाई पनवेलात मी एकटीच असेन.

कारखानीस आणि मी फाटकातून आत गेलो तर समोर हिरवळ. ताजी अंथरलेली, गालिच्यासारखी. कडेने गुलाब आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. कोंडलेल्या माणसांना फुलं तोडायला कोण बाहेर सोडणार होतं, देव जाणे. हिरवळीवर रबरी नळी पडली होती आणि तिच्या तोंडातून पाणी वाहत होतं.

"प्रसन्न वाटतं हो, भोपी," कारखानीस म्हणाले.

"आपलीच कृपा, सर."

महिला कक्षात मात्र श्वास घेववेना. मिठाचं गोदाम ते. भिंतींना पांढरी बुरशी फुटल्यासारखं मीठ बाहेर येत होतं. चाळीसेक बायका भिंतीपासून अंग चोरून बसल्या होत्या. सगळ्यांचे ओठ फुटलेले. कोपऱ्यात एक पिंप होतं आणि पिंपासमोर चंद्रावती हवालदारीण आडोसा केल्यासारखी उभी होती. तिला तसं उभं केलेलं होतं, हे लहान पोरालाही कळलं असतं.

अगदी दाराशी मोयना नावाची बाई होती. वीटभट्टीवरून आणलेली. आपण बंगालातल्या नदिया जिल्ह्यातल्या, सीमेच्या अलीकडच्याच, हे ती येईल त्याला सांगत होती आणि येईल तो घड्याळाकडे बघत होता. तिच्या खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी होती, शेफाली. जुलाबांनी पार सुकलेली. डोळे आत गेलेले, आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. मी चार बाळंतपणं केलीत, नातवंडं वाढवलीत. हे लक्षण मला ठाऊक आहे. त्या पोरीला आत्ता, या घटकेला पाणी हवं होतं. स्वच्छ आणि पुष्कळ.

"नळ?" कारखानीसांनी विचारलं.

"चार, सर. पितळी."

"चार." त्यांनी लांबूनच बघितलं आणि कागदावर खूण केली. झाली तपासणी. सत्यनारायणाचा प्रसाद असा लांबून बघून कुणाचं पोट भरलेलं मी ऐकलं नाही, पण हे लोक सगळं लांबूनच पावन करून घेतात.

मी पुढे झाले. पहिल्या नळाखाली तांब्या धरला आणि तोटी फिरवली. तोटी फिरली, नळही फिरला, आणि अख्खा नळ माझ्या हातात आला. भिंतीत भोक. भोकातून सिमेंटचा भुगा सांडला आणि पाठोपाठ चार मुंग्या बाहेर आल्या. मागे पाईपच नव्हता.

"अहो काकू!" भोपी धावले. "नवीन काम आहे. जोर लावू नका!"

"जोर नाही हो लावला. पाणी मागितलं फक्त."

मी दुसऱ्या नळाकडे वळले तशी ते आडवे आले. "राहू दे काकू, तेही तसेच... म्हणजे नाजूक आहेत."

"फिटिंगचं किरकोळ काम राहिलेलं दिसतं," कारखानीस म्हणाले.

"प्लंबर, सर. हे प्लंबर लोकच असे."

बघा, नळ बसवताना कुणालाच शंका आली नाही. इतक्या वर्षांत तपासणीला येऊन नळ कुणी सोडलाच नव्हता. नळ मोजायची वस्तू आहे असंच सगळे धरून चालले होते.

मोयना हळूच म्हणाली, "माँजी, पानी उधर है. बगीचे में. सुबह-शाम आवाज़ आती है."

"गप बस गं!" चंद्रावती ओरडली. मग माझ्याकडे वाकून पुटपुटली, "खरां हाय, काकू. टँकर येतो तवा येतो. ह्या पिंपात तर आळ्या पडल्यात. पन आमी बोललो तं बदली."

"चला काकू, पान मांडलंय," कारखानीस म्हणाले. "आमरस आहे. हापूसचा."

"तुम्ही बसा. माझं अजून पाण्याचं व्हायचंय."

मी नेम सांगितला. भोपींचा चेहरा उजळला. त्यांनी ऑफिसातून बाटलीचं पाणी मागवलं. "घ्या! पाजा त्या पोरीला, मग तुम्ही घ्या. झाला नेम!"

एक बाटली पाणी आणि चाळीस फुटलेले ओठ. मी बाटली मोयनाच्या हातात दिली, पोरीला घोट घोट दे म्हटलं आणि खाली फरशीवर बसले. तांब्या पुढ्यात ठेवला.

"आता काय, काकू?"

"पंक्तीत एकीला वाढून उठता येत नाही. सगळ्यांचं होऊ दे. मला घाई नाही."

मी काही धरणं धरलं नव्हतं. मला ते जमतही नाही. माळ काढली आणि जप सुरू केला. डोक्यावर पत्रा तापत होता. बाहेर आमरसावर माशा बसल्या असतील. दोघे साहेब दारात कुजबुजत होते आणि मी म्हातारी असले तरी बहिरी नाही.

"बाईंना इथे काही झालं तर? माझ्या तपासणीत झालं म्हणतील!"

"सर, त्याहून वाईट आहे. संध्याकाळी यांचं भजनी मंडळ असतं. काकू दिसल्या नाहीत तर बायका शोधत येतील. पन्नास बायका, सर. टाळ घेऊन."

शेफालीचं काय होईल, हे दोघांपैकी एकाच्याही तोंडी आलं नाही. चाळीस बायकांच्या तहानेने जे हललं नाही ते पन्नास टाळांच्या धसक्याने हललं. थोड्या वेळाने खिडकीच्या गजांतून हिरवळीवरची ती रबरी नळी आत आली. देहरंगच्या धरणाचं गार पाणी. एवढे दिवस ते गुलाबांना पाजत होते.

तांब्या भरत गेला, हातोहात फिरत गेला. पिंप घासून भरलं. शेफालीला मी मीठ-साखरेचं पाणी करून पाजलं. मीठ चंद्रावतीने आणलं, साखर आमरसाच्या ताटाजवळची. दुपारी उशिरा पोरगी रडली आणि गालावर पाणी ओघळलं. मोयनाने ते बोटाने टिपून मला दाखवलं. मग शेवटचा तांब्या मी प्यायले.

कारखानीस कागद घेऊन आले. "काकू, सही. पाणीपुरवठा समाधानकारक."

"उद्या पाणी आलं की करते."

"उद्या कोण बघायला येणार आहे?"

"मी."

दुसऱ्या दिवशी मी गेले, रिकामा तांब्या घेऊन. तिसऱ्या दिवशीही. सहीवाचून अहवाल अडला होता आणि पाण्याचा घोट न घेतलेली म्हातारी रोज उन्हात फाटकाशी उभी राहत होती. भोपींना पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आठवडाभरात भिंतीत खरे पाईप आले. हिरवळ वाळून पिवळी पडली. तिचं मला काडीचं वाईट वाटलं नाही.

एका सकाळी मोयना दिसली नाही. आदल्या संध्याकाळी गाडीत घालून नेलं, चंद्रावती म्हणाली. नदियाचं कुणी ऐकलं नव्हतं. ते माझ्या तांब्यात मावणारं नव्हतं. शेफाली आपल्या पायांनी चालत गेली, एवढं चंद्रावतीने दोनदा सांगितलं.

वैशाखाच्या अमावास्येला भोपी स्वतः फाटकाशी आले. हसरे, दाढी केलेले. अहवाल आणि पेन दोन्ही हातात.

"काकू, आज वैशाख संपला ना? पुरा झाला नेम. करून टाका सही."

"संपला," मी म्हटलं. मी महिला कक्षात गेले, ते मागोमाग आले. तांब्या नळाखाली धरला. पाणी आलं. "पण कालनिर्णय बघितलंत का? उद्यापासून अधिक महिना लागतोय. अधिक ज्येष्ठ. अधिकात केलेल्या दानाचं पुण्य दुप्पट, म्हणून आमच्यात कुणी नेम सोडत नाहीत, वाढवतात."

त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"आणि मग, काकू?"

"मग निज ज्येष्ठ. मग चातुर्मास आलाच."

मागे चंद्रावतीने तोंडावर रुमाल दाबला. मी तांब्या पहिल्या बाईच्या हातात दिला.