मी अडले म्हणून 'तुकडे' वाचले

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, म्हातारीची कीव करायची असेल तर पुढे वाचूच नका. मला चार खडे बोल सुनावायचे आहेत आणि ते मी सुनावणारच.

माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या गरगर फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून धावत लिहिते, वाचते. कारखान्यातून निघाले ती दोन बहिणींच्या घरी आले. मागच्या खोलीला जाड पडदे लावून तिथे थोरली अंध श्रोत्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायची. धाकटी कॉम्प्युटर सांभाळायची. थोरलीला एका दमात फार वाचवत नसे. दहा मिनिटे वाचायची, कोमट पाणी प्यायची, पुन्हा वाचायची. हे भाग ती ज्या फोल्डरमध्ये ठेवी, त्याचे नाव होते 'तुकडे'. मग धाकटी ते जोडून सबंध पुस्तक करी.

आता माझी खोड सांगते. जागा मिळेल तिथे मी लिहिते. एकाच फाइलीचे डोके इथे, शेपूट तिथे. ती वाचताना दांडीची नुसती पळापळ होते आणि ऐकताना थोरलीचा आवाज मध्येच अडखळे. हे विखुरलेले तुकडे उचलून सलग मांडायचे, त्याला डीफ्रॅग म्हणतात. धाकटी दोन-तीन महिन्यांनी ते करी. खरे सांगते, बरे वाटायचे. दगदग कमी व्हायची, फाइल चटकन उघडायची. गुण आहे तो आहे, मी नाकारत नाही.

पण आवरण्याचेही वेड लागते. धाकटीला लागले. आधी आठवड्याला, मग दिवसाआड. चार-चार तास माझी उचलठेव चालायची, वर मध्येच वीज गेली तर हातातले सांडायची भीती. झिजत मी होते आणि कौतुक तिच्या टापटिपीचे! एका कोपऱ्यात मला ओरखडा पडला तो याच काळात.

मग थोरलीच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि तिचा आवाज कायमचा गेला. आता ती पाटीवर लिहून बोलते. शेवटचे पुस्तक तिने आदल्याच दिवशी वाचून संपवले होते. चाळीस तुकडे. धावपळीत ते जोडायचे राहून गेले, आणि हे धाकटीच्या ध्यानातच नव्हते.

डीफ्रॅगही मागे पडले आणि पुढे कॉम्प्युटर रेंगाळू लागला. धाकटीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो घाईत होता. "तुकडे फार झालेत ताई. तुकडे काढून टाका, पळेल," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. धाकटी शोधायला बसली तर फोल्डर समोरच होता: तुकडे. जोडून झालेल्या पुस्तकांचे उरलेसुरले असेल, असे समजून तिने तो पुसला, कचरापेटीही रिकामी केली आणि वर डीफ्रॅग सुरू केले.

मित्रांनो, पुसलेली फाइल लगेच मरत नाही. यादीतून तिचे नाव जाते, पण आतला मजकूर माझ्या पोटात तसाच असतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. आणि डीफ्रॅग नेमके रिकाम्या दिसणाऱ्या जागेवरच इतर फाइली आणून मांडते. थोरलीच्या आवाजावर जुनी पत्रे चढू लागली.

मी हे चालू देणार नव्हते. दांडी त्या ओरखड्यापाशी आली आणि मी अडून बसले. टक्, टक्, टक्. कॉम्प्युटरचा पडदा गोठला. धाकटीने खोक्याला थापट्या मारल्या. मी ढिम्म. दुरुस्तीवाला म्हणतो, खराब जागा लागली म्हणून बंद पडली. म्हणू दे बापड्याला.

तेवढ्यात वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या काकांचा फोन आला. काकांना दिसत नाही, थोरलीचे वाचन ऐकत ते विणतात. शेवटचे पुस्तक कधी मिळेल, असे त्यांनी विचारले. धाकटीच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला आणि तिने फोल्डर पुसल्याचे थोरलीला सांगितले. थोरलीने नुसती पाटी उलटी ठेवली. ते मला अजून सलते.

दुरुस्तीवाला धावत आला. "पुन्हा सुरू करू नका," तो म्हणाला. "थांबली म्हणून काहीतरी हाती लागेल." दोन दिवस त्याने मला चाळले. अडतीस तुकडे मिळाले, शेवटचे दोन गेले. माझ्या जागी त्याने नव्या तऱ्हेची डिस्क बसवली. तिच्या पोटात फिरणारे काही नाही, त्यामुळे डीफ्रॅगचा तिला काडीचा फायदा नाही, उलट त्याने ती लवकर झिजते, हे त्याने धाकटीला चारदा बजावले. मला भंगारात टाका म्हणाला. थोरलीने पाटी पुढे केली: 'ती इथेच राहील.'

मग तिने ते पुस्तक धाकटीच्या हातात दिले आणि माइककडे बोट दाखवले. धाकटीने उभ्या आयुष्यात माइकसमोर तोंड उघडले नव्हते. उरलेले दोन तुकडे तिने वाचले.

आठवड्याने काकांचा फोन आला.

"शेवटी कोण वाचत होतं?"

"मी, काका."

"अडखळलीस बरीच," काका म्हणाले. "पण मध्ये पाणी प्यायलीस, थोरलीसारखीच."

तेव्हा मित्रांनो, आवरा, खुशाल आवरा. पण आधी प्रत काढून ठेवा. टाकायचे ते उघडून बघा. आणि एखादे म्हातारे यंत्र अडून बसले, तर थापट्या मारण्याआधी ते का अडले एवढे तरी विचारा. मी पडद्यांच्या खोलीत फळीवर बसले आहे. लावून बघा, अजून फिरते.